हिशेबाचा सर्व्हर सुरू होत नसेल तर घाई करू नका, आधी कारण वाचा

दुकानाचा हिशेब पूर्वी रोजमेळ आणि खतावणीत असे. चोपडी पावसात भिजली तरी ती हातात असे, आणि किती पाने गेली एवढे तरी कळे. आता किराणा दुकानदार, कापडाचे व्यापारी, चामड्याच्या वस्तू बनविणारे कारखानदार यांच्यापैकी अनेकांनी बिले, मालाचा साठा, गिऱ्हाइकांची उधारी आणि कारागिरांची मजुरी संगणकावर नेली आहे. यात सोय झाली हे खरेच. पण एखाद्या सकाळी संगणक चालू होतो, हिशेबाचा प्रोग्रॅमही उघडतो, आणि पडद्यावर संदेश येतो की डेटाबेसशी संपर्क होत नाही. मालकाला वाटते, सगळा हिशेब गेला. बहुतेक वेळा तसे नसते. हिशेब डिस्कवर जागच्या जागी असतो, फक्त तो उघडून देणारा प्रोग्रॅम सुरू झालेला नसतो. खरे नुकसान पुष्कळदा त्यानंतर, घाबरून केलेल्या उपायांमुळे होते.

हिशेब गमावणे ही साधी गोष्ट नाही. उधारीची यादी गेली तर कोणाकडून किती येणे आहे हे सांगता येत नाही. कारागिराची बाकी गेली तर त्याच्यापुढे मान खाली घालावी लागते. शिवाय २०१७ साली लागू झालेल्या जीएसटी कायद्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावा लागतो. म्हणून लिनक्सच्या संगणकावर डेटाबेस सर्व्हर सुरू न होण्याची कारणे कोणती, त्याच्या सेटिंगच्या फाइली कोठे असतात आणि कोणत्या गोष्टींना हात लावू नये, हे मालकालाही ठाऊक असावे. दुरुस्तीचे काम इंजिनिअरकडे दिले तरी तो काय करीत आहे हे आपल्याला समजले पाहिजे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड व फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टाकावयाची आहेत. बहुतेक सर्व नावे लहान अक्षरांत असतात, आणि लिनक्सला लहान व मोठे अक्षर वेगळे वाटते हे ध्यानात ठेवावे. बहुतेक कमांडपूर्वी 'सुडो', म्हणजे एस-यू-डी-ओ, हा शब्द जोडून व्यवस्थापकाचा अधिकार घ्यावा लागतो.

आपला डेटाबेस कोणता?

आपण पडद्यावर पाहतो ते हिशेबाचे सॉफ्टवेअर म्हणजे दुकानाचा गल्ला समजा. नोंदी ठेवणारा मुनीम आत बसलेला असतो. तो मुनीम म्हणजे डेटाबेस सर्व्हर. लिनक्सवर मुख्यतः तीन नावे आढळतात : मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि पोस्टग्रेसक्यूएल. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर साधारणपणे मारियाडीबीवर चालते. बेल्जियममध्ये तयार झालेले ओडू हे पोस्टग्रेसक्यूएलवर चालते. आपले सॉफ्टवेअर वेगळे असेल तर ज्याने ते बसवून दिले त्याला हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवावे.

मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमधील कंपनीने आणले. २००८ साली ते सन कंपनीकडे आणि २०१० साली सनसह ओरॅकलकडे गेले. त्याचे एक मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ साली त्यातूनच मारियाडीबी वेगळे काढले. दोघांचे मूळ एक असल्यामुळे फाइलींची नावेही पुष्कळशी सारखी आहेत. त्यामुळे सल्ला एकाचा आणि संगणकावर दुसरा, असा घोटाळा वारंवार होतो. पोस्टग्रेसक्यूएलचे घराणे निराळे आहे. ते अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून आले आणि त्याच्या फाइलीही वेगळ्या आहेत.

सर्व्हर खरोखर बंद आहे काय?

'संपर्क होत नाही' या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, सर्व्हर सुरूच झालेला नाही. दुसरा, सर्व्हर चालू आहे पण आपला प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत पोचत नाही. उपाय अगदी वेगळे असल्यामुळे हा निवाडा प्रथम करावा.

त्यासाठी 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' ही कमांड आहे. सिस्टिम या शब्दाला सी-टी-एल ही अक्षरे जोडावीत, मग स्टेटस आणि नंतर सर्व्हरचे नाव. मारियाडीबीसाठी 'मारियाडीबी', उबुंटू किंवा डेबियनवरील मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएल' आणि रेडहॅट घराण्यातील लिनक्सवर 'मायएसक्यूएलडी' असे शेवटी डी लावून नाव द्यावे. उत्तरातील 'ॲक्टिव्ह' ही ओळ पाहावी. 'रनिंग' लिहिले असेल तर सर्व्हर चालू आहे. 'फेल्ड' असेल तर सुरू होण्याचा प्रयत्न फसला आहे. 'इनॲक्टिव्ह' असेल तर कोणी सुरूच केलेला नाही. शेवटच्या प्रकारात वरच्या ओळीत 'डिसेबल्ड' असे दिसले तर संगणकाबरोबर आपोआप सुरू होण्याची सोय बंद आहे, एवढाच अर्थ होतो. 'सिस्टिमसीटीएल एनेबल' ने ती सोय चालू होते आणि 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' ने सर्व्हर लगेच सुरू होतो.

पोस्टग्रेसक्यूएलच्या बाबतीत डेबियन व उबुंटूवर एक फसवी गोष्ट आहे. तेथे नुसते 'पोस्टग्रेसक्यूएल' नाव दिले की 'ॲक्टिव्ह, एक्झिटेड' असे उत्तर येते. ते वाचून सर्व्हर चालू आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती केवळ वरची पाटी आहे. खरी स्थिती 'पीजी अंडरस्कोर एलएसक्लस्टर्स' या कमांडने कळते. त्यात प्रत्येक सर्व्हरची आवृत्ती, पोर्ट, तो ऑनलाइन की डाऊन, डेटाचे फोल्डर आणि नोंदवहीची फाइल एकाच ओळीत येते.

सर्व्हर चालू असूनही संपर्क नसेल तर मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या संदेशाच्या शेवटी कंसात असलेला आकडा पाहावा. २ असेल तर ज्या सॉकेट फाइलमधून बोलणे व्हावयाचे ती त्या जागी नाही. अर्थात सर्व्हर बंद आहे, किंवा त्याने सॉकेट दुसरीकडे ठेवले आहे. १३ असेल तर परवानगी नाही. १११ असेल तर दार ठोठावले पण आत कोणी नाही. येथे आणखी एक बारकावा आहे. या दोन्ही डेटाबेसमध्ये पत्ता म्हणून 'लोकलहोस्ट' लिहिले तर प्रोग्रॅम सॉकेट फाइलमधून जातो. '१२७.०.०.१' लिहिले तर नेटवर्कच्या मार्गाने जातो. एका मार्गाने जमत नसेल तर दुसरा करून पाहिल्याने दोष कोठे आहे ते लवकर कळते.

कारण नोंदवहीत लिहिलेले असते

सर्व्हर सुरू होता होता थांबला तर तो कारण लिहून थांबतो. ते न वाचता संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे व्यर्थ आहे. उलट थोड्या वेळात अनेक प्रयत्न झाले की लिनक्स स्वतःच पुढचे प्रयत्न रोखून धरते आणि 'फार वेळा, फार लवकर' अशा अर्थाचा संदेश देते. तो संदेश हे मूळ कारण नव्हे.

नोंदी पाहण्याचा सोपा मार्ग 'जर्नलसीटीएल' ही कमांड आहे. तिच्यापुढे उणे चिन्ह व यू अक्षर, मग सर्व्हरचे नाव लिहिले की त्या सर्व्हरच्याच नोंदी दिसतात. याखेरीज सर्व्हरची स्वतःची नोंदवही असते. ती 'व्हार' म्हणजे व्ही-ए-आर या फोल्डरातील 'लॉग' या फोल्डरात शोधावी. उबुंटूवरील मायएसक्यूएलची नोंद तेथे मायएसक्यूएल नावाच्या फोल्डरात 'एरर डॉट लॉग' या फाइलीत असते. रेडहॅट घराण्यात मारियाडीबीची नोंद मारियाडीबी नावाच्या फोल्डरात मिळते. डेबियनवर पोस्टग्रेसक्यूएलची नोंदही लॉगमध्ये त्याच्याच नावाच्या फोल्डरात असते.

वाचताना पुष्कळ जण शेवटची ओळ पाहतात. तेथे 'अबॉर्टिंग' म्हणजे काम सोडून देत आहे, एवढेच असते. त्या वेळच्या प्रयत्नाची सुरुवात शोधून तेथून खाली यावे. 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ हीच बहुधा दोषाची ओळ असते. त्या ओळीत एखादा आकडा दिला असेल तर 'पीएरर' ही कमांड व तो आकडा टाकल्यास त्याचा अर्थ समजतो. १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही, २ म्हणजे फाइल किंवा फोल्डर नाही. ही ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून किंवा तिचे छायाचित्र काढून इंजिनिअरला पाठविली तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

सेटिंगच्या फाइली कोठे असतात?

लिनक्समध्ये कोणती वस्तू कोठे ठेवावी याचा एक सर्वमान्य शिरस्ता आहे. सेटिंगच्या फाइली 'ईटीसी' म्हणजे ई-टी-सी या फोल्डरात, सतत बदलणारी माहिती 'व्हार' मध्ये आणि त्यातही डेटा 'व्हार'मधील 'लिब' म्हणजे एल-आय-बी या फोल्डरात. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा शोध संपतो. पण 'ईटीसी'च्या आत प्रत्येक लिनक्सची मांडणी वेगळी आहे.

मायएसक्यूएल व मारियाडीबीच्या मुख्य फाइलीचे नाव 'माय डॉट सीएनएफ' असे आहे. रेडहॅट घराण्यात ती थेट 'ईटीसी'मध्ये असते आणि तिच्या शेजारी 'माय डॉट सीएनएफ डॉट डी' नावाचे फोल्डर असते. डेबियन व उबुंटूवर ती 'ईटीसी'मधील मायएसक्यूएल या फोल्डरात असते. तेथे मुख्य फाइलीत फारसे काही नसते. इतर फोल्डर वाचावेत एवढाच हुकूम तिच्यात असतो. खरी सेटिंग मारियाडीबीसाठी 'मारियाडीबी डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरातील '५०-सर्व्हर डॉट सीएनएफ' या फाइलीत, तर उबुंटूवरील मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएल डॉट कॉन्फ डॉट डी' या फोल्डरातील 'मायएसक्यूएलडी डॉट सीएनएफ' या फाइलीत असते.

म्हणजे एकाच संगणकावर अशा चार-पाच फाइली असू शकतात, आणि सर्व्हर त्या ठराविक क्रमाने एकामागून एक वाचतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली असेल तर नंतर वाचलेली चालते. 'मी फाइल बदलली पण फरक पडत नाही' या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. आपला सर्व्हर कोणत्या फाइली वाचतो हे अंदाजाने ठरवू नये. 'मायएसक्यूएलडी' या कमांडला 'व्हर्बोज' आणि 'हेल्प' हे दोन पर्याय, प्रत्येकापूर्वी दोन उणे चिन्हे लावून, दिले की लांबलचक मजकूर येतो. त्याच्या सुरुवातीलाच फाइलींची यादी क्रमवार दिलेली असते. सर्व्हर बंद असतानाही ही कमांड चालते.

या फाइलींविषयी आणखी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, फाइलीत चौकटी कंसात शीर्षके असतात. सर्व्हरचे सेटिंग 'मायएसक्यूएलडी' या शीर्षकाखाली लिहावयाचे असते. ते 'क्लायंट' या शीर्षकाखाली लिहिले तर सर्व्हर त्याकडे पाहत नाही. दुसरी, जोडलेल्या फोल्डरातील ज्या फाइलींचे नाव 'डॉट सीएनएफ' ने संपते त्याच वाचल्या जातात. म्हणून जुन्या फाइलीची प्रत ठेवताना तिचे नाव 'डॉट जुनी' अशा शेवटाने ठेवावे, नाहीतर मूळ आणि प्रत दोन्ही वाचल्या जातात. तिसरी, फाइलीत कोणालाही लिहिण्याची मुभा असेल तर सुरक्षेसाठी सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. वैतागून सर्व फाइलींना '७७७' परवानगी देणारे पुष्कळ आहेत. त्याने दोष जात नाही, उलट सेटिंगची फाइलच बाद होते.

पोस्टग्रेसक्यूएलच्या मुख्य फाइलीचे नाव 'पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ' असे आहे. डेबियन घराण्यात ती 'ईटीसी'मध्ये पोस्टग्रेसक्यूएल, त्यात आवृत्तीचा आकडा आणि त्यात 'मेन' अशा फोल्डरांत असते. रेडहॅट घराण्यात मात्र ती डेटाच्याच फोल्डरात असते, म्हणजे 'व्हार', 'लिब', 'पीजीएसक्यूएल', 'डेटा' या वाटेने जावे लागते. सर्व्हर चालू असेल तर 'शो कॉन्फिग अंडरस्कोर फाइल' असे विचारले की तो स्वतःच पत्ता सांगतो. डेटाच्या फोल्डरात 'पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ' अशी आणखी एक फाइल असते. ती मुख्य फाइलीनंतर वाचली जाते, म्हणून तिच्यातील सेटिंग वरचढ ठरते. कोणाला आत येऊ द्यावयाचे याची यादी 'पीजी अंडरस्कोर एचबीए डॉट कॉन्फ' या वेगळ्या फाइलीत असते.

नेहमी आढळणारी कारणे

डिस्क भरणे : हे सर्वांत साधे आणि नेहमी विसरले जाणारे कारण आहे. 'डीएफ' या कमांडपुढे उणे चिन्ह व एच अक्षर टाकले की प्रत्येक भागात किती जागा उरली ते दिसते. १०० टक्के भरले असेल तर सर्व्हरला साधी नोंदही लिहिता येत नाही. जुन्या बॅकअपच्या फाइली आणि वाढलेल्या नोंदवह्या दुसऱ्या डिस्कवर हलवून जागा करावी. डेटाच्या फोल्डरातील एकही फाइल हाताने पुसू नये. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून प्रत्येक बदलाची नोंद करणाऱ्या बायनरी लॉग फाइली मुळातच चालू असतात आणि एरवी ३० दिवस राहतात. त्या जागा अडवतात हे खरे, पण त्या सर्व्हर सुरू झाल्यावर त्याच्याच 'पर्ज' या हुकुमाने काढावयाच्या असतात.

आवृत्ती बदलणे : लिनक्स अद्ययावत केल्यावर सर्व्हर सुरू झाला नाही तर जुने सेटिंग नव्या आवृत्तीला अमान्य असण्याचा संभव असतो. मायएसक्यूएल ८.० मधून 'क्वेरी कॅश' ही सोय काढून टाकली. जुन्या फाइलीत तिची ओळ राहिली असेल तर 'अननोन व्हेरिएबल' असा संदेश देऊन सर्व्हर थांबतो. संदेशात त्या ओळीचे नाव असते. ओळीच्या आरंभी 'हॅश' चिन्ह टाकले की ती रद्द होते. पुसण्याची गरज नाही. मारियाडीबीत ही सोय अजून आहे. एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू करू नये असे वर म्हटले ते यासाठीच.

पत्ता बदलणे : दुकानात नवा राउटर बसविला आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद, असे घडते तेव्हा लोक राउटरवाल्याला दोष देतात. सेटिंगच्या फाइलीत 'बाइंड ॲड्रेस' नावाची ओळ असते. तिच्यात १९२.१६८.१.१० असा ठराविक पत्ता लिहिलेला असेल आणि नव्या राउटरने संगणकाला वेगळा पत्ता दिला असेल, तर सर्व्हरला आपली जागाच सापडत नाही. राउटरमध्ये सर्व्हरच्या संगणकाला कायमचा पत्ता राखून ठेवणे हा याचा नीट उपाय होय. डेबियन व उबुंटूवर या ओळीत मुळात १२७.०.०.१ असते. त्यामुळे त्याच संगणकावर सर्व ठीक चालते, पण दुसऱ्या काउंटरवरून संपर्क होत नाही. काही जण तेथे ०.०.०.० लिहून सर्व दारे उघडतात. तसे केल्यास फायरवॉल लावलाच पाहिजे. २०१७ सालाच्या आरंभी इंटरनेटवर उघडे राहिलेले मोंगोडीबीचे हजारो सर्व्हर चोरांनी रिकामे करून खंडणी मागितली होती.

पोर्ट अडणे : मायएसक्यूएल व मारियाडीबी ३३०६ या, तर पोस्टग्रेसक्यूएल ५४३२ या पोर्टवर बसतात. एकाच पोर्टवर दोन सर्व्हर बसू शकत नाहीत. कोणी नकळत दुसरा सर्व्हर बसविला असेल, किंवा जुना सर्व्हर पूर्ण बंद झाला नसेल, तर 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा संदेश येतो. 'एसएस' या कमांडला 'एलटीएनपी' ही अक्षरे उणे चिन्हासह दिली की कोणत्या पोर्टवर कोण बसले आहे ते दिसते.

मालकी व परवानगी : डेटाच्या फाइलींची मालकी 'मायएसक्यूएल' किंवा 'पोस्टग्रेस' नावाच्या वापरकर्त्याकडे असावी लागते. व्यवस्थापकाने साधी कॉपी करून डेटा परत जागेवर ठेवला की मालकी 'रूट'कडे जाते आणि सर्व्हरला आपल्याच फाइली उघडता येत नाहीत. 'सीओन', म्हणजे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, या कमांडने मालकी पूर्ववत करता येते. पोस्टग्रेसक्यूएल तर याहून कडक आहे. डेटाचे फोल्डर सर्वांना खुले असेल तर ते सुरू होण्यासच नकार देते.

डेटा दुसऱ्या डिस्कवर नेणे : फाइलीत नवा पत्ता लिहिला, मालकीही ठीक, तरी १३ क्रमांकाचा दोष येतो. अशा वेळी उबुंटूवर ॲपआर्मर आणि रेडहॅटवर एसईलिनक्स हे पहारेकरी आठवावेत. सर्व्हरने कोणत्या फोल्डरात जावे हे त्यांनी ठरविलेले असते. नवी जागा त्यांच्याकडे नोंदवावी लागते. पहारेकऱ्याला कायमची रजा देणे हा उपाय नव्हे.

मेमरी : वेग वाढावा म्हणून 'बफर पूल'चा आकडा संगणकाच्या मेमरीपेक्षा जास्त लिहिला तर सर्व्हर सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लिनक्सकडून मारला जातो. त्याच संगणकावर इतर प्रोग्रॅमही चालत असल्यास आकडा बेताचा ठेवावा.

अचानक वीज गेल्यानंतर

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. हे डेटाबेस तयार करणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला आहे. प्रत्येक व्यवहार आधी एका वेगळ्या नोंदीत लिहिला जातो. वीज आल्यावर सर्व्हर ती नोंद वाचून पुरे झालेले व्यवहार कायम करतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो. या कामाला वाचावयाच्या नोंदींच्या प्रमाणात वेळ लागतो. त्या वेळात सर्व्हर अडकला असे समजून पुन्हा वीज तोडू नये. नोंदवहीत 'रिकव्हरी' असे शब्द दिसत असतील तर थांबावे.

या नोंदीच्या फाइली एरवी डेटाच्या फोल्डरात असतात आणि काहींच्या नावात 'लॉग' शब्द असतो. म्हणून काही जण त्या निरुपयोगी समजून पुसतात. तसे कदापि करू नये. पोस्टग्रेसक्यूएलच्या 'पोस्टमास्टर डॉट पीआयडी' या फाइलीचेही तसेच आहे. ती शिल्लक राहिली तरी सर्व्हर बहुधा स्वतःच तपासून पुढे जातो. जुना सर्व्हर अजून चालू असताना ती पुसून दुसरा सुरू केला तर एकाच खतावणीत दोन मुनीम लिहू लागतील.

मायएसक्यूएल व मारियाडीबीत 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी' नावाचे सेटिंग आहे. डेटाला खरोखर इजा झाली असेल तरच ते वापरतात. त्याचे आकडे १ ते ६ आहेत. ४ किंवा त्याहून मोठ्या आकड्याने डेटा कायमचा बिघडू शकतो. कोणी एकदम ६ लिहा असे सांगितले तर ऐकू नये. प्रथम डेटाच्या पूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी, १ पासून आरंभ करावा, सर्व्हर सुरू होताच सर्व डेटा बाहेर काढून घ्यावा आणि ते सेटिंग काढून टाकावे.

दुरुस्तीपूर्वीचा नियम

दुरुस्ती करणारा 'पुन्हा इन्स्टॉल करू' असे म्हणाला की त्याला थांबवून विचारावे : नोंदवहीत काय लिहिले आहे, आणि डेटाची प्रत कोठे आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय काहीही काढू देऊ नये. विशेषतः 'पर्ज' करून पॅकेज काढताना डेटाही पुसावा काय असा प्रश्न डेबियन व उबुंटूवर येऊ शकतो. तेथे घाईने होकार देणे म्हणजे खतावणी चुलीत घालणे होय.

प्रत घेण्याची रीत अशी. सर्व्हर पूर्ण बंद आहे याची खात्री करावी. मग 'सीपी' कमांड, उणे चिन्ह आणि ए अक्षर, अशा रीतीने डेटाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. त्या डिस्कची मांडणी लिनक्सची असावी, म्हणजे मालकी व परवानग्या कायम राहतात. सेटिंगच्या फाइलींचीही प्रत घ्यावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा, सर्व्हर सुरू करून पाहावा आणि फरक पडला नाही तर तो बदल मागे घेऊन पुढचा करावा. एकदम पाच ठिकाणी हात घातला तर कोणत्या बदलाने काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. मायएसक्यूएलच्या ८.०.१६ आणि पुढील आवृत्त्यांत 'व्हॅलिडेट कॉन्फिग' या पर्यायाने सर्व्हर सुरू न करताही सेटिंगची फाइल तपासता येते.

आज करून ठेवावयाची कामे

सर्व्हर चालू असतानाच पुढील गोष्टी एका कागदावर लिहून गल्ल्याच्या खणात ठेवाव्यात : लिनक्सचे नाव व आवृत्ती, डेटाबेसचे नाव व आवृत्ती, सेटिंगच्या फाइलींचे पत्ते, डेटाच्या फोल्डरचा पत्ता, नोंदवहीचा पत्ता, पोर्ट, सर्व्हरच्या संगणकाचा नेटवर्क पत्ता आणि बॅकअप कोठे आहे ते. पासवर्ड त्या कागदावर लिहू नयेत. ते वेगळे ठेवावेत.

बॅकअप रोज रात्री व्हावा अशी व्यवस्था इंजिनिअरकडून करून घ्यावी. मायएसक्यूएलसाठी 'मायएसक्यूएलडम्प', मारियाडीबीसाठी 'मारियाडीबी-डम्प' आणि पोस्टग्रेसक्यूएलसाठी 'पीजी अंडरस्कोर डम्प' या कमांड आहेत. त्यातून निघालेली फाइल त्याच डिस्कवर ठेवली तर डिस्कबरोबर तीही जाते. म्हणून एक प्रत दुकानाबाहेर असावी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी जुळते की नाही हे मालकाने स्वतः पाहावे. संगणकाला यूपीएस जोडावा, आणि ईद किंवा दिवाळीच्या हंगामात लिनक्स अद्ययावत करण्याचे काम काढू नये. ते हंगाम संपल्यावर, बॅकअप हातात घेऊन करावे.

ही सर्व कामे एका दुपारी होण्यासारखी आहेत. ती झाली असतील तर एखाद्या सकाळी सर्व्हर सुरू झाला नाही तरी दुकान उघडे ठेवता येईल. बिले तेवढा वेळ हाताने लिहावीत, कागद खणातून काढावा, नोंदवही वाचावी आणि कारण कळल्यावरच फाइलीला हात लावावा.